गरांड आणि बोल्ट अॅक्शन, दोन्हीला एकच प्रायमर चालेल का? सल्ला हवाय

सातारी_ह्यूस्टन:
मंडळी नमस्कार. गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली आणि इतकी वर्षं मनात होतं ते करून टाकलं, जुन्या लष्करी रायफली विकणाऱ्या सीएमपीकडून एम१ गरांड घेतली, ही सेमीऑटो, ३०-०६ काडतुसाची. त्याआधीपासून एक ३०८ बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर वेळी हाताने बोल्ट ओढायची रायफल आहे, क्लबच्या १०० आणि ३०० यार्डच्या मॅचला तीच वापरतो. आता तयार काडतुसांचा खर्च झेपेना म्हणून घरी रीलोडिंग, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या परत भरणं, सुरू करतोय. सिंगल स्टेज प्रेस आलाय, वजनकाटा आलाय, हॉर्नाडीचं पुस्तक आलंय, चार वर्षं जपून ठेवलेल्या पुंगळ्या धुवून तयार आहेत. अडलंय ते फक्त प्रायमरवर, पुंगळीच्या बुडातल्या पावडर पेटवणाऱ्या टिकलीवर.
दोन्हीला लार्ज रायफल प्रायमर लागतो हे कळलं. मग एकाच ब्रँडचे पाच हजार मागवले तर हजमॅट फी, म्हणजे धोकादायक माल पाठवायचा जादा आकार, एकदाच बसेल असा हिशोब केलाय. फेडरल २१०एम सगळ्यात भारी असं जो तो सांगतो. तेच घेऊ का दोन्हीसाठी? आणि दुकानात लार्ज रायफल मॅग्नम स्वस्तात पडलेत, ते घेतले तर काय बिघडेल? जरा सविस्तर सांगा, इथे आसपास मराठीत विचारायला कोणी नाही.

भुसावळी_गरांडवाला:
भाऊ आधी गरांडबद्दल अभिनंदन. आता ऑर्डर देऊ नका, हे पूर्ण वाचा.
तुमच्या बोल्ट अॅक्शनमधे फायरिंग पिन चापाच्या खाचेने मागे अडकवून धरलेली असते, चाप ओढल्याशिवाय ती हलत नाही. गरांडमधे पिनला स्प्रिंगच नाही, ती बोल्टच्या आत मोकळी खेळते. बोल्ट धाडकन पुढे जाऊन बंद होतो तेव्हा ती पिन आपल्याच वेगाने पुढे येऊन प्रायमरला हलकं टोचते. खरं वाटत नसेल तर रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस चेंबरमधे घ्या आणि न उडवता बाहेर काढून प्रायमर बघा, मधोमध सुईच्या टोकाएवढं टिंब दिसेल. प्रत्येक काडतुसावर ते पडतं. प्रायमरची वाटी पुरेशी कडक असेल आणि प्रायमर नीट खोल बसलेला असेल तर टिंबावर निभावतं. वाटी नरम असेल, किंवा प्रायमर बुडाच्या वर उचललेला राहिला असेल तर चाप न ओढता काडतूस उडतं, ह्याला स्लॅमफायर म्हणतात. आणि बोल्ट पूर्ण लॉक व्हायच्या आत उडालं तर रायफल फुटते, समोर आपला चेहरा आणि हात असतो.
फेडरल २१०एम उत्तम प्रायमर आहे ह्यात वाद नाही. पण फेडरलची ख्याती हीच की ते हलक्या ठोक्यालाही चटकन पेटतात. बोल्ट अॅक्शनमधे हा गुण, गरांडमधे हाच धोका. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दोन रायफलींना दोन प्रायमर घ्या. गरांडसाठी सीसीआय ३४, तो मिलिटरी सेमीऑटोसाठीच बनवलाय. तो नाही मिळाला तर सीसीआय २००, गरांडवाले बरेच जण वर्षानुवर्षं तोच वापरतात आणि मीही वापरलाय. फक्त ३४ ची आग मॅग्नमच्या जवळ जाते, त्यामुळे दुसऱ्या प्रायमरवर बसवलेला लोड, म्हणजे पावडरीचं ठरवलेलं माप, जसाच्या तसा उचलून त्यात घालायचा नाही, पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून परत वर यायचं.
आणखी एक, हॉर्नाडीच्या पुस्तकात गरांडचा डेटा वेगळा दिलाय, साध्या ३०-०६ च्या पानावरचा घेऊ नका. गरांडची गॅस सिस्टीम ४८९५ सारख्या मधल्या वेगाच्या पावडरीसाठी आहे, सावकाश जळणारी पावडर घातली तर बोल्टला मागे नेणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो, आणि तो बदलायचा म्हणजे चांगलाच खर्च.

सातारी_ह्यूस्टन:
बापरे. स्लॅमफायर हा शब्द ऐकला होता पण पिनला स्प्रिंगच नाही हे माहीत नव्हतं. दादा, प्रायमर "नीट खोल" म्हणजे किती?

भुसावळी_गरांडवाला:
पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा ३ ते ५ हजारांश इंच आत, टूलरूमवाले ज्याला थाऊ म्हणतात तेच. रोज कॅलिपर लावायची गरज नाही, बोटाने कळतं. बुडावरून बोटाचं टोक हळू फिरवा, प्रायमरच्या कडेला बोट किंचित खाली उतरल्यासारखं वाटलं पाहिजे. नुसतं सपाट लागलं तरी मी गरांडला ते घेत नाही. दुसरी खूण, पुंगळी काचेवर उभी करा, डुगडुगली तर प्रायमर वर आहे. मी बसवताना प्रत्येक पुंगळीवरून बोट फिरवतो, शंभर असोत की पाचशे.
वर राहायचं कारण बहुतेक वेळा पॉकेटमधेच असतं. मिलिटरीच्या पुंगळ्या असतील, बुडावर एलसी म्हणजे लेक सिटी लिहिलेल्या, तर त्यांच्या प्रायमरभोवती क्रिंप, म्हणजे प्रायमर निसटू नये म्हणून दाबलेली कड असते. जुना प्रायमर काढल्यावर ती कड राहते आणि नवा प्रायमर तिथे अडकतो, जोर लावला की चेपतो. आधी स्वेज (दाबून) किंवा रीम (खरडून) करून ती कड काढा. आणि पॉकेटच्या तळाची काजळी पण खरवडा, तिचा थर साचला तरी प्रायमर पूर्ण बसत नाही.
गरांडमधे एकेक काडतूस थेट चेंबरमधे टाकून बोल्ट सोडू नका. आठच्या क्लिपमधून वर येताना काडतुसाच्या घर्षणाने बोल्टचा वेग थोडा मरतो, थेट टाकल्यावर तो पूर्ण वेगाने आदळतो. एकेक उडवायची असेल तर स्लेड नावाचं छोटं साधन मिळतं, ते क्लिपच्या जागी बसवा.

नेमबाज_ताई_अॅरिझोना:
गरांडचं दादांनी सांगितलंच आहे, मी ३०८ बद्दल बोलते, तीन वर्षं त्यातच डोकं घालून बसलेय.
प्रायमर म्हणजे तरी काय, पितळेची एक चिमुकली वाटी, तळाला पेट घेणारा मसाला आणि त्यावर तीन पायांची इवलीशी ऐरण. पिन वाटीला ठोकते, मसाला वाटी आणि ऐरणीच्या मधे चिरडतो, आगीची जीभ भोकातून पावडरीपर्यंत जाते. दिवाळीत दगडावर टिकली ठेवून फोडायचो ना, काम तेच. फरक हा की इथे ती जीभ दर वेळी सारख्याच लांबीची आणि सारख्याच ताकदीची हवी, नाहीतर गोळीचा वेग कमीजास्त होतो आणि ३०० यार्डाला टार्गेटवर ते वरखाली दिसतं.
मॅच ग्रेड म्हणून विकतात ते म्हणजे फेडरल २१०एम आणि सीसीआय बीआर-२. साधे म्हणजे फेडरल २१०, सीसीआय २००, विंचेस्टरचा डब्ल्यूएलआर, रेमिंग्टनचा ९½. माझ्या रायफलीत क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून २१०एम, बीआर-२ आणि २०० असे तिन्ही उडवले, पुंगळी तीच, पावडर तीच, गोळी तीच. २१०एम थोडा सरस निघाला, पण २०० इतक्या जवळ होता की १०० यार्डाला कागदावर मला फरक सांगता आला नसता. तुमच्या रायफलीत वेगळं निघू शकेल, म्हणून आधी प्रत्येकाचे शंभर घ्या, उडवा, आकडे लिहून ठेवा आणि मग पाच हजारांची ऑर्डर द्या. आणि एकदा ठरलं की एकाच लॉटचे घ्या, खोक्यावर लॉट नंबर असतो. लॉट बदलला तरी मी लोड परत तपासते.
मॅग्नम प्रायमर ३०८ ला लागत नाही. तो मोठ्या पुंगळीतली भरपूर, सावकाश जळणारी पावडर पेटवायला, किंवा कडाक्याच्या थंडीत बॉल पावडरसाठी. स्वस्त आहेत म्हणून घेऊन साध्या प्रायमरच्या लोडमधे घातले तर प्रेशर वाढू शकतं. प्रायमर बदलला की लोड दहा टक्के खाली आणा आणि हळूहळू वर चढा, हा नियम मी कधीच मोडत नाही.
तुमच्या ३०८ च्या पुंगळ्या एकदा तपासून घ्या हं. लापुआच्या पाल्मा पुंगळ्यांना स्मॉल रायफल प्रायमर लागतो, दिसायला बाकी सगळं तेच. साधारण पुंगळ्यांत एखादी मिसळली तर प्रेसवर मोठा प्रायमर त्यात जाणारच नाही आणि माणूस उगाच दाबत बसेल.

खडकीचा_पोरगा:
माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, १८६९ पासूनचा कारखाना, आमच्या घरातल्या दोन पिढ्या तिथे गेल्या. कामावरून आल्यावर हातपाय साबणाने धुऊन कपडे बदलल्याशिवाय ते मला उचलून घेत नसत. मी लहानपणी रडायचो, आता इथे मिशिगनमधे स्वतः रीलोडिंग करतो तेव्हा त्याचा अर्थ कळला. प्रायमरच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफनेट. वापरलेले प्रायमर काढताना जी काळी भुकटी पडते त्यात शिसं असतं, पुंगळ्या कोरड्या टम्बलरमधे, म्हणजे त्या घासून साफ करायच्या यंत्रात, घातल्या की तीच धूळ हवेत जाते. सातारी भाऊ, तुमच्याकडे लहान मुलं असतील तर स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलावर हे काम अजिबात करू नका. गॅरेजमधे करा, करताना काही खाऊ पिऊ नका, टम्बलरचं झाकण बाहेर उघडा, हात धुवा, कपडे वेगळे धुवा. मी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो.
साठवणीचं पण ऐका. प्रायमर ज्या ट्रेमधे येतात त्यातच ठेवायचे. प्रत्येकाला वेगळं घर असतं ते शोभेसाठी नाही, एक उडाला तर शेजारचा उडू नये म्हणून. बरणीत सगळे एकत्र ओतले तर ती बरणी म्हणजे बॉम्बच. प्रेसच्या नळीत अडकले तर वरून काठीने दाबू नका. चष्मा कायम लावा. अमेरिकेत घरात १०,००० पर्यंत प्रायमर ठेवायची मर्यादा एनएफपीए ह्या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमात आहे, शिवाय तुमच्या गावच्या फायर कोडमधे काय आहे ते बघून घ्या.

नवा_भिडू_न्यूजर्सी:
मस्त धागा. मी एचवनबीवर आहे, मित्राच्या रेंजवर जातो. बंदूक नाही घेत, पण प्रायमर आणि पुंगळ्या घेऊन मित्राच्या प्रेसवर भरल्या तर चालेल ना? आणि पॉइंट २२ ची काडतुसं पण भरता येतात का?

नेमबाज_ताई_अॅरिझोना:
थांब रे बाबा! फेडरल कायद्यात अॅम्युनिशनच्या व्याख्येत नुसती तयार काडतुसं नाहीत, पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर सगळं येतं. आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा अॅम्युनिशन बाळगता येत नाही, वैध हंटिंग लायसन्ससारखे काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे तुझ्या खिशातला प्रायमरचा एक ट्रेसुद्धा गुन्हा होऊ शकतो, आणि तो तुझ्या ग्रीनकार्डच्या आड येईल. आधी इमिग्रेशन वकिलाला विचार, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस.
२२ चं भरता येत नाही. ते रिमफायर, त्याला वेगळा प्रायमर नसतोच, मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन कडेलाच ठोकते, एकदा चेपली की पुंगळी संपली. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते ह्याच २२ वर. त्या खेळातले लोक भरत नाहीत, वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीत उडवून बघतात आणि जो जमतो तो लॉट भरपूर घेऊन ठेवतात.

सातारी_ह्यूस्टन:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मग असं ठरवतोय, गरांडसाठी सीसीआय ३४ एक हजार, ३०८ साठी आधी २१०एम आणि २०० शंभर शंभर स्थानिक दुकानातून, म्हणजे हजमॅटचा प्रश्न नाही. मॅग्नम रद्द. काल रात्री पुंगळ्या वेगळ्या करायला बसलो, ३०-०६ मधल्या ४२ एलसीच्या निघाल्या, सगळ्यांना क्रिंप. त्यातल्या एकीत रिकाम्या प्रेसवर सराव म्हणून प्रायमर दाबत होतो, अर्ध्यात अडकला आणि वाकडा झाला. आता तो काढू कसा? डीकॅपिंग पिनने, म्हणजे वापरलेले प्रायमर काढायच्या पिनने, ठोकू?

भुसावळी_गरांडवाला:
ठोकू अजिबात नका! जिवंत प्रायमर आहे तो. त्या पुंगळीत पावडर गोळी काही घालू नका, तशीच वेगळी ठेवा, रेंजवर न्या आणि तिथल्या रेंज ऑफिसरला दाखवा, ते सांगतील तसं करा. एका पुंगळीसाठी डोळा घालवू नका. आणि रेंजवर कधी चाप ओढला आणि उडालंच नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. उशिरा पेटणारे प्रायमर असतात.

खडकीचा_पोरगा:
अजून एक, दिवाळीला भारतात जाणार असाल तर रेंजची बॅग प्रवासाला नेऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाने तीच सॅक नेली, आतल्या कप्प्यात एक काडतूस राहिलं होतं. परतीच्या विमानतळावर स्कॅनरमधे दिसलं, आर्म्स अॅक्टखाली केस झाली, विमान गेलं आणि पुढे कित्येक महिने वकिलाच्या खेपा. प्रायमर तर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, हातातल्याही नाही आणि चेक-इनच्याही नाही. मी रेंजसाठी लाल रंगाची वेगळी बॅग घेतलीय, ती गॅरेजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजवर.

सातारी_ह्यूस्टन:
ती पुंगळी डब्यात वेगळी ठेवलीय, वर चिठ्ठी लावलीय, शनिवारी रेंजवर नेतो. आणि डिसेंबरमधे साताऱ्याला जायचंय, तिकिटं काढलीत, आजच सगळ्या सॅक उलट्या करून बघतो.