सागरगोटा गुटीत घालायचा का? आई आणि बायकोच्या मध्ये अडकलोय

गडग्यावरचा
मालवणजवळ गावी आलोय. मुलगी अडीच महिन्यांची. दिवेलागणीला रडायला लागते ती तासभर, पोट टणक होतं. आईने सहाण काढली आणि मला कुंपणाच्या गडग्याकडे पिटाळलं, "दोन सागरगोटे घेऊन ये, गुटीत दोन वळसे उगाळते." काट्यांनी हात ओरबाडून घेतले पण आणले. राखाडी, गोटीएवढे, हातोडीलाही दाद देत नाहीत. बायको म्हणते, डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका सांगितलंय. आई म्हणते, तू ह्याच गुटीवर वाढलास. माझी ह्या बीशी ओळख एवढीच, की लहानपणी दगडावर घासून बहिणीला चटके द्यायचो. खरंच औषधी आहे का हे? आणि गुंजेसारखं विषारी तर नाही ना?

कुडाळचो झील
आमच्याकडे ह्याका गजगो म्हणतत. औषधाचा काय ता जाणकार सांगतीत, तू आधी भयणीची माफी माग.

सहाणवाली काकू
गुंज नव्हे रे. गुंज लालभडक, वर काळा ठिपका, वाटाण्याहून लहान. दोन्ही शेंगांच्याच कुळातल्या, पण सागरगोट्याची शेंग बाहेरून काटेरी आणि आत बिया एक-दोनच. आयुर्वेदात ह्याला लताकरंज, कुबेराक्ष म्हणतात.

औषधी आहेच. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी सासूबाई चुलीतल्या गरम राखेत बी भाजायच्या, कवच फोडायच्या आणि आतल्या गराची पूड तेवढ्याच मिरपुडीत मिसळून हिवतापाला द्यायच्या. मी चाखलीय. किराईत गोड वाटेल. पुढे कळलं, की 1868 सालच्या सरकारी 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'तही हीच जोडी होती, सागरगोटा आणि काळी मिरी समभाग. सुजेवर गर एरंडेलात वाटून लेप, जंतांना आणि पोटदुखीला चिमूटभर पूड. सगळं मोठ्या माणसांचं.

गुटीचं मात्र सांगते. माझ्या दोघांनाही मी उगाळून दिली. थोरल्याला काही झालं नाही. धाकटीला जुलाब लागले आणि चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता वाटतं, दोष बीचा कमी, सहाणेचा जास्त. ती पदराने पुसून फळीवर ठेवलेली असायची, आणि वर विहिरीचं न उकळलेलं पाणी. शिवाय वळसा म्हणजे नेमकं किती? माझा वळसा आणि सासूबाईंचा वळसा एक नव्हता, त्यांचा हात जड.

अडीच महिन्यांची पोरं संध्याकाळी रडतातच. तीन-चार महिन्यांची झाली की बहुतेकांचं आपोआप कमी होतं, आणि नेमकं तेव्हाच घरात गुटी सुरू असते, म्हणून यश गुटीला मिळतं! सहा महिने आईचंच दूध, सूनबाईचं बरोबर आहे. पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा. पोट टणकच राहिलं, हिरवी उलटी झाली किंवा दूध ओढेनाशी झाली, तर मात्र उशीर न करता डॉक्टरकडे.

आणि घरात कुणाला ताप आला तर ती पूड करत बसू नका. लावणीनंतर आपल्याकडे लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप असतो, आधी रक्त तपासा.

झाडपाल्याचा वेडा
फुटत नाहीत ही तक्रार नको, त्याच कवचामुळे हे बी समुद्रातून तरंगत दूरवर जातं. लावायचं असेल तर कानशीने एक बाजू घासा, नाहीतर रुजायची वाट बघत बसाल.

गडग्यावरचा
काकू, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "माझा हात जड नाय," एवढंच म्हणाली आणि दुपारपर्यंत अबोला. पण सहाण उचलून ठेवली. आता ढेकर काढायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, बायकोलाही हात लावू देत नाही. ते दोन सागरगोटे काही परत मिळाले नाहीत. ओसरीवर शेजारच्या पोरींना पाचांचा डाव शिकवायचाय म्हणे, तेव्हा आणखी तीन आणायला परत काट्यात जातोय.