मदत हवी आहे: कॉम्पोझिटच्या चकत्यांची विद्राव्यता उणे का येतेय?

नमस्कार मंडळी. एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी दात भरायचं रेझिन कॉम्पोझिट किती पाणी शोषतं ते तपासतेय. पद्धत आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकाची: १५ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाडीच्या चकत्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) वजन स्थिर होईपर्यंत सुकवायच्या, ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ७ दिवस ठेवायच्या, पुन्हा सुकवायच्या. शोषण ४० मायक्रोग्रॅम प्रति घन मिमी या मर्यादेच्या आत आहे, त्याची काळजी नाही.

घोळ विद्राव्यतेत आहे, म्हणजे चकतीतलं किती पाण्यात विरघळून गेलं त्या आकड्यात. एका मटेरियलच्या चकत्या शेवटी सुकवूनही सुरुवातीपेक्षा जड भरतात, म्हणजे उत्तर उणे! काहीच विरघळलं नाही हे मला पटत नाही. पॉलिमरच्या साखळीत न अडकलेला मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) थोडा तरी बाहेर पडणारच. माझा संशय असा की काही पाणी रेझिनच्या ध्रुवीय गटांना हायड्रोजन बंधांनी चिकटून राहतं, किंवा फिलरच्या (रेझिनमध्ये मिसळलेल्या बारीक कणांच्या) काचेशी त्याची अभिक्रिया होते. डेसिकेटरमधलं ओलावा शोषणारं सिलिका जेल ताजं आहे, वजनकाटाही तपासून घेतलाय.

दुसऱ्यांदा सुकवताना तुम्ही किती दिवस थांबता? आणि उणे आकडा तसाच द्यायचा का? सर म्हणतात शून्य लिही, पण मला ते खटकतं. पॉलिमर केमिस्ट्रीवाले कुणी असतील तर त्यांनीही सांगा, प्लीज.