पाळी जायच्या दिवसांत काय खावं? घरी ज्वारी, तूर, सोयाबीन, जवस आहे

पऱ्हाटीवाली (दारव्हा तालुका)
नमस्कार ताई लोकहो. माह्यं वय 47. पोळ्यापासून पाळी आली नाही. त्याआधी दोन-दोन महिने चुकायची अन् आली की नुसता पाट. आता कापूस वेचता वेचता अंगातून अशा वाफा निघतात की ओटीसकट धुऱ्यावर बसावं लागते. रात्री मानेपासून भडका उठते, पोलकं ओलंचिंब होते, अन् मग थंडी वाजते. गुडघे बोलतात ते वेगळंच.

पोरगी पुण्याले नोकरीले आहे. तिनं मोबाईलवर यादी पाठवली: एवोकॅडो, टोफू, बेरी. आमच्या बाजारात वांगे, सांभार, मेथी, फार तर केळं. मेडिकलवाला पावडरचा डबा दाखवते, त्या पैशात घरात महिन्याचं तेल येते. सासूबाई म्हणतात, आमाले असं काई झालं नाही, तुमालेच कायले होते? दूध आहे, पण ते डेअरीले जाते, घरी चहापुरतं राहते. घरच्या मालात भागते का, तेवढं सांगा.

सिस्टरबाई (निवृत्त, वर्धा जिल्हा)
ताई, भागते. डबा राहू द्या.

आधी एक स्पष्ट सांगते. खाण्यानं वाफा पार बंद होत नाहीत. कमी होऊ शकतात: संध्याकाळचा ठेचा, तर्री आणि कडक चहा कमी करून पाहा, पुष्कळ जणींना रात्रीचा भडका त्यानेच उठतो. झोपच लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधं आहेत.

खाणं सांभाळायचं ते मुख्यतः हाडांसाठी. पाळी जाताना अंगातलं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बाईचं हार्मोन, उतरतं आणि पुढची काही वर्षं हाडं भराभर विरळ होतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी पोटाला चांगली, पण तिच्या 100 ग्रॅममध्ये कॅल्शियम 30 मिलिग्रॅमसुद्धा नाही. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आपल्याकडे नाचणी पिकत नाही, किराण्यात मिळते. भाकरीच्या पिठात अर्धी मिसळा. थापताना तुटते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं. तिळात तर 100 ग्रॅमला हजाराच्या वर असतं, म्हणून तिळाची चटणी रोज दोन चमचे. सगळंच अंगी लागत नाही, तरी लागतं तेवढं पुष्कळ. शेवगा बांधावर असेल तर शेंगा विका, पाला घरी ठेवा.

आणि डेअरीला जायच्या आधी एक गिलास दूध बाजूला काढा, विरजण लावा. ते दही तुमचं. सगळे जेवल्यावर पातेल्यात उरतं ते पाणीदार वरण आणि करपलेली भाकर, असं किती बायांचं ताट मी पाहिलं आहे! घट्ट वरण आधी आपल्या वाटीत घ्या. या वयात मांस झडतं, डाळ कमी पडली की आणखी झडतं. जेवण तेवढंच असून वजन वाढतं, त्यातही याचा हात असतो. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी माझ्या सासूला काहीच सांगितलं नव्हतं, वाटी भरून घेत गेले.

जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. अन्नातलं लोह तो अडवतो. पाट वाहायचा म्हणता, तर हिमोग्लोबिन तपासाच. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची बीपी-शुगर फुकट तपासतात, तेही करून घ्या. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी घरी बसू नका.

जवसाची चटणी (पुसद)
सोयाबीनचं कोणी बोललंच नाही. पोतेच्या पोते बाजार समितीत नेतो अन् घरी एक दाणा शिजत नाही. त्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारं सौम्य द्रव्य असतं. काहींना फरक पडतो, काहींना काडीचा नाही. मला वाफांत फारसा पडला नाही, पण डाळीपेक्षा दुप्पट प्रोटीन आहे म्हणून सोडलं नाही. कच्चं दळू नका, पचत नाही. भिजवून, उकळून, वाळवून घ्या अन् नऊ किलो गव्हाला एक किलो. जवस मात्र थोडाच भाजायचा अन् आठवड्यापुरताच कुटायचा, नाहीतर खवट होतो. लसूण, तिखट, मीठ, झालं.

थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती उपाशीपोटी, अन् कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

अनामिका (चिखली)
माझी पिशवी 36 व्या वर्षी काढली. पाळी तेव्हाच गेली, मग हे हाडांचं मला आत्तापासूनच लागू का? मी 41 ची आहे.

सिस्टरबाई
अनामिका, पिशवीबरोबर अंडाशय काढले होते का, हे बघावं लागेल. डिस्चार्ज कार्ड शोधा. दोन्ही काढले असतील तर हो, त्याच दिवसापासून लागू, आणि नुसत्या खाण्यावर राहू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवा. अंडाशय राहिले असतील तरी पाळी नसल्यानं त्यांचं काम नेमकं कधी थांबलं ते कळत नाही, म्हणून तीळ-दही आत्ताच सुरू करा.

पऱ्हाटीवाली
सिस्टरबाई, दुधाचं घरी सांगितलं. मालक काही बोलले नाही, पोरगा म्हणे मलेही दही पाहिजे. पुसदवाल्या ताई, तुमाले इचारते, आमचा चक्कीवाला सोयाबीन दळत नाही, दगडाले तेल धरते म्हणते. काय करू?

जवसाची चटणी
नुसतं नेऊच नका. घरीच गव्हात मिसळून न्या अन् गहू म्हणूनच दळून आणा. पीठ जरा पिवळं दिसते, अन् पंधरा दिवसांत संपेल तेवढंच दळा.