डोकेदुखीची गोळी द्या... पण कुठल्या डोकेदुखीची?

खलबत्ता: काउंटरवर परवा पुन्हा तेच, "डोकेदुखीची गोळी द्या." जुना प्रश्न वर आला म्हणून धागा. माझी चाळणी: जिना चढल्यावर ठणका वाढतो, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा? अर्धशिशी. 4 ते 72 तास. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं, पण माणूस स्वयंपाक करतोय, भांडतोय? ताणाची. लिहा आता.

निशाचर: "गोळी लागू पडत नाही" म्हणणारे बहुतेक ती उशिरा घेतात. अर्धशिशीत जठर मंदावतं, गोळी तिथंच पडून राहते. म्हणून नॅप्रोक्सेन 500 (वेदनाशामक) सोबत डॉमपेरिडोन 10 (मळमळ थांबवून जठर हलवणारी) लिहून देतात. ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) दुखायला लागल्या लागल्या; डोळ्यांपुढे नुसत्या नागमोडी रेघा असताना नाही. हृदयविकार असेल तर ट्रिप्टान बाद.

रिकामटेकडी: नाव 'अर्ध', तरी दोन्ही बाजूंनी दुखू शकते हं. भाजी लागली, येते.

चहाबाज: "चहा सोडला आणि पित्त उसळलं" म्हणजे कॅफीन तुटल्याची डोकेदुखी. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत. दर दोन-तीन दिवसांनी पाव कप कमी करा.

रिकामटेकडी: चहा सोडतं कोण पण 😀

सुंठसाखर: सुंठीचा लेप चालेल?

खलबत्ता: डोळ्यांपासून लांब, आणि चुरचुरलं की लगेच पुसा. कातडी पोळते. 'सायनस' म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्या बऱ्याच जणांची अर्धशिशीच निघते, तिच्यातही नाक चोंदतं.

घाटमाथा: क्लस्टर डोकेदुखी राहिली! एकाच डोळ्यामागे, 15 ते 180 मिनिटं, त्याच डोळ्याला पाणी. अर्धशिशीवाला अंधारात पडून राहतो, हा येरझाऱ्या घालतो. शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला 12 ते 15 लिटर, पिशवीचा मास्क, 15 मिनिटं. नाकातल्या नळीनं हवा मिसळते, उपयोग शून्य.

खलबत्ता: आणि गोळ्या नका मोजू, गोळीचे *दिवस* मोजा. साधी वेदनाशामक महिन्यात 15 दिवस, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिनची (अर्धशिशीचं जुनं औषध) मिश्र गोळी 10 दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवते. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी फुली मारा.

निशाचर: मिनिटाभरात शिगेला पोचलेली, तापासोबत मान आखडलेली, यांना गोळी न देता थेट दवाखान्यात. तसंच पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली, विंचरताना टाळू दुखते, चावताना जबडा.

रिकामटेकडी: विंचरताना?? शेजारच्या काकू हेच म्हणतात. 68 वय.

निशाचर: चावताना?

रिकामटेकडी: भाकरी सोडलीय त्यांनी. दात समजत होतो.

निशाचर: आजच न्या. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, त्यात डोळा जाऊ शकतो, रिपोर्टसाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करतात.

रिकामटेकडी: निघाले.