गेटजवळच्या आंब्याचं काय करायचं?

सेक्रेटरी: नमस्कार. आंब्याची पार्किंगवरची मोठी फांदी पूर्ण वाळली आहे. काल तिचा तुकडा एका गाडीवर पडला. झाड काढून तिथे नवं कलम लावावं, असं कमिटीत दोघांचं म्हणणं आहे. मतं कळवा.

ए-१०३: काढून टाका. उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर? हापूसचं कलम आणू, चार-पाच वर्षांत फळ धरेल.

बी-२०२ काकू: लोणच्याच्या कैऱ्या निम्म्या बिल्डिंगला त्याच्याच जातात. रायवळ आहे म्हणून त्याला किंमत नाही का?

ए-१०३: काकू, कैऱ्यांना माझी ना नाही. माझी मुलगी रोज त्याच फांदीखाली स्कूलबसची वाट बघते.

सी-१ नाना: भीती रास्त आहे, वाळकी फांदी उतरवायलाच हवी. पण झाड मेलेलं नाही. आज सकाळी बघून आलो. खोडाला हातभर उंचीवर तीन-चार भोकं आहेत आणि खाली ओला भुसा पडलाय. भिरूड लागलंय, म्हणजे खोडकिडा. बोटाएवढी पांढरी अळी आतून पोखरत जाते, त्यामुळे वरची फांदी वाळते. दुसऱ्या बाजूची साल नखाने खरवडली तर आत हिरवीगार आहे.

भोक साफ करून तारेच्या आकड्याने अळी ओढून काढायची, पेट्रोलचा बोळा आत सारायचा आणि वरून चिखलाने लिंपायचं. आठवड्याने ताजा भुसा दिसला तर पुन्हा तेच. मग खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवा, मगच एकत्र करा. विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

आणि ते पेव्हर ब्लॉक! बुंध्याला खेटून बसवलेत, मुळांना ना पाणी ना हवा. तिथे हापूस लावला तरी तोही खुरटणार.

बी-४०१: परवानगीचं काय?

सेक्रेटरी: १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागते, फांदीसाठीही अर्ज करावा लागेल. २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची असतात. आपला आंबा तीस वर्षांपुढचा आहे. एवढी रोपं आपल्या आवारात मावणार कुठे?

ए-१०३: हे माहीत नव्हतं. फांदी लगेच उतरत असेल तर झाड राहू दे. तोवर खाली दोरी बांधा, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका.

बी-४०१: माझी गाडी आजच हलवते.

बी-२०२ काकू: फांदीवर बांडगूळही आहे, तेही जाऊ दे बाई एकदाचं.

सी-१ नाना: वाळक्या फांदीबरोबर जाईल. बाकी कुठे दिसलं तर तेवढी डहाळीच कापायची, नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. या वर्षी मोहोर कमी आला तरी कुणी घाबरू नका, जोर धरायला त्याला वेळ लागेल.

सेक्रेटरी: अर्ज उद्या देतो. रविवारी सकाळी आठला पेव्हर उचलू, बुंध्याभोवती दोन हात जागा मोकळी करायची आहे. पहार कोणाकडे आहे?

ए-१०३: माझ्याकडे आहे. घेऊन येतो.