नववीतली दिव्यांग मुलं आणि "आमच्याच्यानं होत नाही" म्हणणारे शिक्षक

प्रश्न (मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा)
नववीचा पट 58. त्यात एका मुलाला अंधुक दिसतं, एका मुलीला कमी ऐकू येतं, एकाला सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. गणित-विज्ञानवाले म्हणतात, "यांना विशेष शाळेत पाठवा, दहावीचा निकाल पडेल." दोन प्रशिक्षणं झाली, फरक शून्य. सुरुवात कुठून करू?

विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र
सर, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 पाहा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलानं जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची. पण कायदा दाखवल्यानं शिक्षक फक्त गप्प बसतात.

नकारामागे बहुतेक वेळा भीती असते. प्रशिक्षणात कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांची नावं सांगतात, अंधुक दिसणाऱ्या पोराला भूमितीची आकृती कशी दाखवायची ते राहून जातं. म्हणून प्रत्येकाला त्याच्या विषयातलं एकच काम द्या. गणितवाल्यांनी फळ्यावरची प्रत्येक पायरी तोंडानं म्हणावी. "हे इकडे नेलं" नको, "अधिक पाच उजवीकडे नेले, वजा पाच झाले" असं. आकृती अख्ख्या पानावर, जाड काळ्या रेघेनं. नुसतं पहिल्या बाकावर बसवून भागत नाही. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असेल तर जागा बदला.

मुलीसाठी: लिहा, वर्गाकडे वळा, मग बोला. श्रवणयंत्र वर्गातला गोंगाटही वाढवतं. "मशीन लावूनही लक्ष देत नाही" हा आरोप तिथूनच येतो.

शिक्षिका, गडचिरोली
सिकलसेल बाहेरून दिसत नाही, म्हणून पोरगा आळशी ठरतो. हाही त्या 21 मध्येच आहे, शिक्षकांना हे आवर्जून सांगा. पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार दमला की दुखणं उठतं. बाटली बाकावरच हवी. लघवी वारंवार होते, अडवू नका. उन्हात धावायला लावू नका, गुणलेखन द्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर घरी न पाठवता पालकांना कळवून थेट दवाखाना.

परीक्षा काम पाहणारे शिक्षक, वाशीम
निकालाचं म्हणाल, तर पात्र मुलांना दहावीचं परीक्षा मंडळ तासाला 20 मिनिटं जादा देतं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, म्हणजे मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, खालच्या इयत्तेतला लागतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्राचं काम नववीतच उरका. दहावीचं आवेदनपत्र भरताना धावाल तर सवलत हुकेल. आणि लेखनिकासोबत घटक चाचणीपासून बसवा. प्रमेयाची सिद्धता तोंडी सांगून लिहून घेणं ऐन परीक्षेत जमत नाही.