जीआय पाइपचं वेल्डिंग आणि रात्रीचा ताप
एकाने विचारलंय की जीआय पाइपचं (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचं) गेट जोडलं आणि रात्री थंडी वाजून ताप आला, वेल्डिंगआधी दूध प्यायलं तर चालेल का? दुधाने काही होत नाही हो. धूर फुफ्फुसात जातो, दूध पोटात.

लोखंड वितळतं साधारण १५०० अंशांना, पाइपवरचं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की चार-सहा तासांनी तोंडाला गोडसर धातूची चव, अंगदुखी, हुडहुडी. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून लोक मनावर घेत नाहीत.

आमच्या शेडमध्ये जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच जस्त आधी ग्राइंडरने काढतो, आतून पोचेल तिथे आतूनही. खालचं उघडं लोखंड दिसेपर्यंत. घासतानाही मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. वेल्डिंगच्या काचेखाली बसणारा एन-९५ मास्क तरी लावा. पंखा बाजूने, डोकं धुराच्या वर नको.

आणि दम लागत असेल किंवा छाती भरून आली असेल तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा आणि कशाचं वेल्डिंग केलंत ते सांगा.